पीक संरक्षणार्थ बंदूक, एक नग

जळगावात कचेरीच्या आवाराबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली माझे टेबल आहे. लोक मला अर्जवाला म्हणतात. मी स्वतःस अर्जलेखक म्हणवतो. शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे धुळ्याच्या कोर्टाबाहेर एका वृद्ध अर्जलेखकाच्या शेजारी बसून झाले, आणि ते शाळेतल्यापेक्षा पक्के झाले असे माझे मत आहे. शिकलेल्या लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत आलेले मी पाहिले आहेत. माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने आजवर परत आलेला नाही.

बंदुकीसंबंधी मी दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. शेतकरी येतो, रानडुकरांनी मका लोळवला म्हणतो. त्याच्यासाठी मी 'पीक संरक्षणार्थ शस्त्र परवाना मिळणेबाबत' लिहितो. शहरात कुठे गोळी चालली की त्याच आठवड्यात एखादे मंडळ येते आणि 'गावठी कट्ट्यांची विक्री तात्काळ थांबविणेबाबत' निवेदन मागते. कट्टा म्हणजे घरगुती भट्टीवर केलेले, कमरेला खोचता येईल असे पिस्तूल. पहिल्या अर्जात मी लिहितो की शस्त्राअभावी सामान्य माणूस असुरक्षित झाला आहे. दुसऱ्यात लिहितो की शस्त्रांमुळे सामान्य माणूस असुरक्षित झाला आहे. दोन्ही वाक्ये मी विचारपूर्वक बांधलेली आहेत आणि दोन्ही खरी आहेत. ज्याचा अर्ज त्याची बाजू. अर्जलेखकास स्वतःची बाजू ठेवून हा धंदा करता येत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे सासर बोदवडच्या पुढे आहे. तिच्या घरात एक बंदूक होती. अक्काच्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या वडिलांनी ती तिथल्याच एका कारागिराकडून करून घेतली होती आणि पुढे रीतसर परवान्यावर चढवली होती. म्हणजे ती सुद्धा गावठीच; फक्त सरकारला माहीत असलेली. परवान्यावर 'ठासणीची बंदूक, स्थानिक बनावट, एक नग' अशी नोंद होती. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, त्यावर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजाने ते सगळे ठासून बसवायचे. मग मागे टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी तांब्याची बारीक वाटी, लावायची. एवढे झाले की एक बार होतो. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे, आपट्याची पाने वाहिली जात, आणि गावात त्या घराला बंदूकवाल्यांचे घर म्हणत. अक्काचे लग्न ठरवताना मध्यस्थाने आमच्या वडिलांना हेच प्रथम सांगितले होते.

त्या घराच्या शेताला लागून नानांच्या पुतण्याचे शेत आहे. पुतण्याने ते पडीक ठेवले. त्यात वेडी बाभूळ माजली आणि रानडुकरांचा कळप तिथे कायमचा राहू लागला. कळप बाहेर निघे तो भाऊजींच्या, म्हणजे अक्काच्या नवऱ्याच्या मक्यात. भाऊजींनी बाभूळ काढायला सांगितले. पुतण्याने ऐकले नाही. एकदा पारावर मी बसलेलो असताना दोघांचे झाले ते असे.

"डुकरं तुही आन् मका माहा, असं किती दिवस चालीन?"

"डुकरांच्या कानात माह्या नावाचा बिल्ला हाये का? असला तं दाखव, घेऊन जातो घरी."

पारावरची माणसे हसली. भाऊजी हसले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी त्या बाभळीत बार टाकला आणि छर्रे पलीकडे उभ्या असलेल्या पुतण्याच्या मोटारसायकलच्या टाकीला लागले. पुतण्या गाडीपासून दहा हातांवर लघवीला बसला होता. भाऊजी म्हणाले, डुक्कर होते. मग पारावर सर्वांसमक्ष म्हणाले, "आज गाडीले लागले. उद्या गाडीवाल्याले लागतीन."

हे अक्काने मला फोनवर सांगितले, आणि दुसऱ्या फोनवर पुन्हा सांगितले. तिला एवढेच हवे होते की त्या घरातून माणसावर गोळी सुटू नये. नानांनाही तेवढेच हवे होते. परवाना नानांच्या नावाचा होता, परंतु बंदूक भाऊजींच्या हातात असे.

निवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात नाना पॅसेंजरने जळगावला आले आणि माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पाव्हणे, बंदूक जमा करायची हाये."

"नाना, ती तर दर निवडणुकीला आपण करतोच. ठाण्यात द्या आणि पावती घ्या."

"तसं नही. कायमची."

त्यांनी योजना सांगितली. आचारसंहिता लागली की तालुक्यातल्या सगळ्या परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात; ही रीत घराघरात ठाऊक आहे. म्हणून बंदूक घरातून निघाली तरी भाऊजी विचारणार नाहीत. बाकीच्यांच्या बंदुका निकालानंतर परत येतील, ही येणार नाही. पुढे मका निघेल, राग निवळेल.

मी त्यांना शांतपणे समजावले की जमा करणे ही एक गोष्ट आहे आणि परवाना सोडणे ही दुसरी. जमा केलेले शस्त्र मुदत संपताच मालकास परत मिळते. तसा नियमच आहे. कायमचे द्यायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करून परवाना रद्द करून घ्यावा लागेल.

"आपल्यात नसल्यात जमा म्हंतात ना?" नाना म्हणाले. "ते काय परत येतं का कधी?"

"ते बोलण्यातलं जमा. सरकारातलं वेगळं."

"मंग तुमच्या सरकारातल्या भाषेत लिहा. पन नसल्यात जमा करा."

मी दोन अर्ज लिहिले. दुसरा, परवाना सोडण्याचा, मी विशेष काळजीने लिहिला. 'अर्जदार वयोवृद्ध असून सदर शस्त्र सांभाळण्यास शारीरिक व मानसिकदृष्ट्या असमर्थ आहे' असे घातले. मुलाचा उल्लेख केला नाही. नानांनी तो करू नका असे सांगितले होते, आणि अर्जात घरचे भांडण आणू नये असे माझेही तत्त्व आहे.

दुसऱ्या दिवशी बोदवडच्या ठाण्यात मी त्यांच्यासोबत गेलो. बाकड्यावर बंदुका ओळीने आडव्या टाकल्या होत्या, प्रत्येकीच्या घोड्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. हवालदार पावत्या फाडत होता.

"या नाना. तुमच्या बंदुकीला आता आमचं घर पाठ झालंय."

"या टायमाले परत नही नेत मी."

"सगळे असंच म्हणतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गुलालासकट दारात उभे."

नानांनी पावती घडी करून टोपीच्या आत ठेवली. बाहेर आल्यावर त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले. मग आम्ही चहा घेतला, ते गावाकडे गेले आणि मी स्टेशनवर.

मधले दिवस बरे गेले. अक्काचा फोन आला की ती आता सरळ झोपते. भाऊजी शेतात डबे वाजवत होते, फटाके लावत होते, आणि बंदूक निकालानंतर येईल असे धरून होते. पुतण्यानेही त्या दिवसांत त्या बाजूला गाडी लावली नाही.

इकडे माझ्या पत्र्याखाली बंदुकीचीच चर्चा असे, कारण प्रचारात कुठे तरी कट्टा सापडला होता. झेरॉक्सवाला एरंडोलकडचा, बोलतो तो त्याच्या घरच्या बोलीत. एक दिवस त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"भाऊ, हाई पाहा. बंदूक बी आते मशिनमाईन निंघस. पलास्टिकनी शे."

परदेशातला कोणी माणूस टेबलावरच्या यंत्रातून पिस्तुलाचे भाग थर देत बाहेर काढत होता आणि जोडत होता. शेजारी निवृत्त ग्रामसेवक आपली पेन्शनची कागदपत्रे घेऊन बसले होते. त्यांनी दोनदा पाहिले.

"म्हणजे लोहारही नको?"

"काहीच नको. उद्या मन्हाकडे गिऱ्हाईक यी नि म्हनी, दोन कॉपी काढ, एकले लॅमिनेशन कर."

ग्रामसेवकांनी चष्मा पुसला. "मला एक सांगा, अर्जवाले. परवाना असलेल्यांनी निवडणुकीत बंदुका जमा करायच्या. ज्यांच्याकडे परवानाच नाही त्यांनी काय करायचं?"

"त्यासनी मतदान करानं," झेरॉक्सवाला म्हणाला.

मी त्या दोघांना असे सांगितले की कायदा ज्याचे नाव जाणतो त्यालाच हाक मारू शकतो, आणि हा कायद्याचा दोष नसून त्याची प्रकृती आहे. ग्रामसेवक म्हणाले, "मग नाव न सांगणाराच शहाणा." मी म्हटले, याला उत्तर आहे. परंतु तेवढ्यात उत्पन्नाच्या दाखल्याचे गिऱ्हाईक आले आणि उत्तर राहिले. खरे सांगायचे तर नंतरही ते मला सुचले नाही.

निकाल लागला. त्याच सुमारास नानांचा परवाना रद्द झाल्याचा आदेश निघाला. अशा प्रकरणाला एरवी बराच काळ लागतो. संबंधित लिपिकाने मला बोलावून सांगितले की अर्ज इतका स्पष्ट होता की वर काही विचारावेच लागले नाही. ते ऐकून मला समाधान वाटले होते, हे मी नोंदवून ठेवतो.

आदेशाची बातमी पोलीस पाटलाकडून पारावर गेली. दुपारी भाऊजींचा फोन आला.

"काय वकीलसाहेब, बिनकोटाचे! माह्या घरातली बंदूक तुम्ही टेबलावर बसल्या बसल्या उचलली म्हने?"

"भाऊजी, परवाना नानांच्या नावाचा होता. त्यांनी स्वेच्छेने..."

"आन् मका कोनाच्या नावाचा हाये? डुकरं अर्ज वाचतात का तुमचा?"

मी पेनाला टोपण लावले.

"गावात म्हंतात, बंदूकवाल्यांच्या घरात आता गोफन उरली. तो भोसडीचा बांधावर उभा राहून मले इचारतो, 'दसऱ्याले काय पुजशीन, तुनतुनं?' बापानं नही इचारलं, बायकोनं नही सांगतलं, मेव्हन्यानं लिहून देलं. मी मेलो का?"

फोन ठेवला गेला. मी टेबल आवरून मेहरूणला घरी आलो आणि जेवलो.

त्यानंतरचा फोन अक्काचा. भर दुपारी, भांडी घासायच्या वेळेला.

"भाऊ, त्यांनी दुसरी आनली."

"दुसरी काय?"

"काय म्हंजे काय. तीच. लाटण्याहून लहान आहे. टॉवेलात गुंडाळून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवली, स्टार्टरच्या मागं. मी झाडायला गेले तं हातात आली."

"कुठून आणली?"

"सातपुड्याच्या पलीकून. सकाळी गेले, दिवे लागायच्या आत घरी. तुह्या परवान्याले किती दिस लागतात रे?"

मी तिला म्हटले, ठाण्यात कळवायला हवे. ती म्हणाली, "कळवलं तं पोलीस यायले घेऊन जातीन. मंग माहेर म्हनून मी तुह्या दारात पाय ठेवनार नही." एवढे बोलून ती रडली नाही, काही नाही, भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. तो मार्ग तिथे बंद झाला.

नाना पुन्हा पॅसेंजरने आले. यावेळी स्टुलावर बसले नाहीत.

"पाव्हणे, ती परत आना."

"कोणती?"

"जुनी. आपली."

मला वाटले वयामुळे त्यांचा गोंधळ होतो आहे. तसे नव्हते. ते उभ्यानेच बोलले, आणि मी त्यांच्या तोंडून एवढे सलग बोलणे पूर्वी ऐकले नव्हते. ते म्हणाले, जुनीला ठासावी लागते. बारूद आणायची, चिंधी फाडायची, गज घालायचा, टोपी शोधायची, ती नेहमी दुसऱ्याच खिशात असते. तेवढ्यात बाई मधे येते, शेजारी येतो, बैल सुटतो. माणूस हातात गज घेऊन उभा राहिला की त्याला स्वतःलाच येड्यासारखं वाटतं. एकदा त्यांचे वडीलही भावावर असेच उठले होते आणि ठासता ठासता बसून राहिले होते. "याले ठासावंच लागत नही. खिशात हात घातला का झालं." जुनी पुन्हा भिंतीवर लागली, तर मुलाची गावातली इज्जत राहील आणि तो ही दुसरी विहिरीत टाकील. तसे तो त्यांना बोलला होता. "म्हने, माही मले आनून द्या, हिचं मी पाहातो."

मी अर्ज लिहिला. विषय होता, 'रद्द केलेला शस्त्र परवाना पुनश्च बहाल करून जमा शस्त्र परत मिळणेबाबत'. कारण लिहायचे तिथे थांबलो. खरे कारण असे होते की घरात बिनपरवान्याचे पिस्तूल आल्याने ते बाहेर जावे म्हणून परवान्याची बंदूक आत हवी आहे. हे कारण कोणत्याही कार्यालयात चालत नाही. मी 'वन्य प्राण्यांचा वाढता उपद्रव' असे लिहिले. लिपिकाने मागचा अर्ज काढून शेजारी ठेवला.

"तुम्हीच लिहिलंय ना हे? शारीरिक व मानसिकदृष्ट्या असमर्थ?"

"होय."

"मग आता बरे झाले का आजोबा?"

त्यांनी अर्ज आवक केला आणि अहवालासाठी ठाण्याकडे पाठवू म्हणाले. त्यांचे चुकले असे मला म्हणता येणार नाही. त्यांच्या खुर्चीवर मी असतो तर मीही तेच केले असते.

मका खुडणीला आला होता तेव्हा ते झाले. सकाळी पुतण्या बैलगाडी घेऊन बांधावरून जात होता. भाऊजी आडवे झाले. गाडी बांधावरून नेऊ नको म्हणाले. पुतण्या काही तरी बोलला. काय बोलला ते वेगवेगळे लोक वेगवेगळे सांगतात, परंतु तुणतुणे हा शब्द सगळ्यांच्या सांगण्यात आहे. अक्का पलीकडच्या सरीत होती. तिने मान वर केली तेव्हा आवाज झालेला होता. फटाक्यासारखा, जुनीच्या मानाने अगदीच किरकोळ, असे ती म्हणाली. पुतण्या गाडीच्या जुवावर ओणवा झाला होता आणि बैल चालतच होते. जळगावला आणताना वाटेत तो गेला.

मला फोन आला तेव्हा मी एका बाईंचे रेशन कार्ड विभक्त करण्याचा अर्ज लिहीत होतो. तो पूर्ण केला. वाचून दाखवला. मग निघालो.

पोलीस घरी आले ते प्रथम जुन्या बंदुकीसाठी. या घराच्या नावावर एक नग बंदूक असल्याची नोंद होती, म्हणून त्यांनी भिंत पाहिली, माळा पाहिला, कोठीतली ज्वारी उपसली. नाना ओसरीवर बसले होते. साहेबांनी विचारले, "बंदूक कुठे आहे?"

"तुमच्याकडंच."

साहेबांना ते उद्धट वाटले. मग बरोबरच्या हवालदाराने, तोच पावत्या फाडणारा, त्यांच्या कानात सांगितले. भाऊजी तोवर मोटारीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होते. पिस्तूल त्यांनी शेजारी टॉवेलवर काढून ठेवले होते. त्यांना नेले तेव्हा ते कोणाकडे पाहत नव्हते. अक्काने त्यांच्या चपला आणून समोर ठेवल्या, त्या त्यांनी घातल्या.

नानांचा जबाब ठाण्यात झाला. त्यांना कमी ऐकू येते म्हणून मला शेजारी बसू दिले. साहेब प्रश्न विचारत, मी तो मोठ्याने सांगे, नाना उत्तर देत, आणि हवालदार लिहून घेई. लिहिणारा दुसरा आणि मी नुसता बसलेला, असे माझ्या बाबतीत क्वचितच झाले आहे. त्याची वाक्यरचना ढिली होती. मी ती सुधारली नाही.

"घरात बेकायदेशीर पिस्तूल आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

"होतं."

मी नानांच्या हाताला स्पर्श केला. त्यांनी हात काढून घेतला.

"कधीपासून?"

"सुनंनं सांगतलं तवापासून."

"मग कुठे कळवलं का?"

"अर्ज देला होता."

साहेब पुढे झुकले. "कसला अर्ज? कोणाकडे?"

"कलेक्टर कचेरीत. यायनंच लिहिला." नानांनी माझ्याकडे बोट केले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो की तो अर्ज जुनी बंदूक परत मिळण्याबाबत होता.

"म्हणजे पिस्तुलाबद्दल त्यात काही नाही?"

"नाही."

"रानडुकरांबद्दल आहे, साहेब," हवालदार म्हणाला. "आपल्याकडंच आलाय अहवालाला. पडून आहे."

साहेबांनी नानांना मोठ्याने विचारले, "बाबा, तुमच्या मुलाकडे पिस्तूल होतं, आणि तुम्ही सरकारकडे आणखी एक बंदूक मागितली?"

"हो."

"का?"

नाना सांगू लागले. बारूद, चिंधी, गज, दुसऱ्या खिशातली टोपी. मला सांगितले होते त्याच क्रमाने, परंतु अधिक हळू. साहेबांनी मधे तोडले नाही, हे त्यांच्याविषयी सांगायला हवे. नाना थांबल्यावर हवालदाराने विचारले, "साहेब, हे काय लिहू?"

"कळवलं नाही, असं लिही."

त्याने लिहिले. नानांना वाचून दाखवले. अंगठा नको, सही करतो म्हणाले आणि सही केली.

बाहेर लिंबाखाली अक्का उभी होती, पदर डोक्यावर ओढलेला. रस्त्याच्या पलीकडे पुतण्याची बायको आणि तिचा भाऊ बसले होते. त्यांचाही जबाब व्हायचा होता. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिले आणि अक्काने मान खाली घातली.

"काय लिहिलं?" तिने विचारले.

"विचारलं तेवढं."

"सुटतीन का ते?"

मी तिला सांगितले की आधी जामिनाचा अर्ज करावा लागेल आणि तो वकिलानेच करायचा असतो. तिने मान हलवली. नानांना पायरी उतरवताना आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरले. पुतण्याच्या बायकोचा भाऊ उठून आमच्याजवळ आला. मला वाटले, आता हात उगारील. त्याने विचारले, "अर्जवाले तुम्हीच ना? आमचंही एक निवेदन लिहून द्याल का? गावठी कट्टे बंद करा म्हनून. गाव सही करनार हाये."

मी उद्या टेबलावर या असे सांगितले.